घोडं पेंड खातंय कुठं?

तुळशीचं लग्न झालं की वरातीचे घोडेवाले जागे होतात आणि माझा फोन वाजायला लागतो. बोलणं ठरलेलं असतं. "आक्का, घोडं हट्टी झालंय. दोरावर चालतच न्हाय. जरा वळण लावून द्या." मी विचारते, "कुठं अडतंय?" पलीकडून उत्तर येतं, "कुठं म्हंजे? सगळीकडंच की!"

सगळीकडं अडणारं घोडं मी अजून बघितलेलं नाही. ते एका ठराविक बाजूला अडतं, ठराविक वेळेला अडतं, ठराविक कामाला अडतं, नाहीतर ठराविक माणसाच्या हातात अडतं. मालकाला ते दिसत नाही, कारण तो तोपर्यंत चिडलेला असतो. मग "माजलंय", "चंदी जास्त झाली", "दोन लावून द्या" इथपर्यंत गाडी येते. हट्टी म्हटलं की उद्या सकाळी नेमकं काय करायचं हे कळत नाही, म्हणून मी तो शब्द पहिल्या दिवशी ऐकून घेत नाही. कारण कसं शोधायचं ते खाली सांगते. माझे वडील कोल्हापुरात स्टेशन ते महाद्वार रोड टांगा हाकायचे, मी आता कळंब्याच्या बाजूला थोडी घोडी ठेवून आहे आणि लोकांचीही कामाला घेते. त्यातून जे हाताला लागलं ते हे.

जमिनीवरचं काम म्हणजे पाठीवर न बसता मोरकी (तोंडावर चढवायचा बिनलगामाचा पट्टा) आणि दोरावर करून घेतलेलं काम. बरोबर चालणं, थांबणं, मागं सरणं, पुठ्ठा म्हणजे मागचा भाग बाजूला घेणं, लांब दोरावर रिंगणात फिरणं. यात घोडं नको म्हणतं ते नाना तऱ्हांनी. काही पाय रोवून उभी राहतात. काही तोंड फिरवून बाहेर ओढतात, काही उलट अंगावर येतात. आणि काही नुसती डोळे मिटल्यासारखी उभी राहतात, हाकेला कानसुद्धा हलवत नाहीत. या शेवटच्यांना लोक "शांत" म्हणतात. मला त्यांचीच जास्त काळजी वाटते.

आधी जागा, मग कारण

पहिले दोन-तीन दिवस काहीही शिकवू नका. नेहमीचं सोपं काम घ्या आणि फक्त नोंद करा. वही नको असेल तर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच आवाजी निरोप पाठवा, पण त्याच वेळी पाठवा. संध्याकाळी आठवून केलेली नोंद आपल्या मनासारखी होते. घोडं मैदानाच्या कुठल्या कोपऱ्यात थांबलं, तेव्हा डावीकडं फिरत होतं की उजवीकडं, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी, कुठल्या खुणेला, खाली माती होती की मुरूम, दोर कुणाच्या हातात होता, शेवटचं खाणं कधी झालं, नाल कधी बदलली. घोडी असेल तर माजावर आहे का तेही लिहा. साधारण एकवीस दिवसांचं चक्र असतं, त्यातले पाच-सात दिवस ती अंगाला हात लावू देत नाही असं दिसलं तर कॅलेंडरवर ताडून बघता येतं.

व्हिडिओ काढा. मोबाइल भिंतीवर टेकवून ठेवा. घोड्याच्या कानापासून खुरापर्यंत सगळं अंग आणि दोर धरलेले तुम्ही, दोन्ही त्यात आले पाहिजेत. पोरांच्या हातात मोबाइल दिला की ती घोड्याचं तोंड तेवढं जवळून घेतात आणि गाणं लावून स्टेटसला टाकतात. त्याचा काही उपयोग नाही.

व्हिडिओ आवाज बंद करून बघा, आणि घोडं थांबलं तो क्षण बघत बसू नका. त्याच्या आधीचे पाच-सहा सेकंद पुन्हा पुन्हा बघा. एक कान कुठल्या तरी दिशेला वळून तिथंच राहिला का? ओठ आवळले का? शेपूट एका बाजूला झटकली का? पाऊल आखूड पडायला लागलं का? थांबण्याआधी घोडं बहुतेक वेळा दोन-तीनदा सांगून झालेलं असतं.

फुलेवाडीकडची एक कुमाईत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, घोडी आली होती. डावीकडं रिंगणात झकास फिरायची, उजवीकडं घेतली की फाटकाजवळ येऊन उभी. मालकाचं ठाम मत होतं की तिला फाटकातून पळायचंय. आम्ही तिला फाटक नसलेल्या दुसऱ्या मोकळ्या रानात नेलं. तिथंही उजवीकडं थांबली. मग त्याच रानात गवतावर घेतली तर चालली, मुरुमावर आणली की थांबली. आता फाटकाचा प्रश्नच उरला नाही. उजव्या रिंगणात आतल्या बाजूला उजवा पाय येतो आणि वळताना आतल्या पायावर ताण जास्त पडतो. नालबंदानं खूर दाबायच्या चिमट्यानं पुढचा उजवा खूर दाबत नेला, एका ठिकाणी तिनं पाय झटकला. आत पू होता. घरच्या मैदानात फाटकाजवळच तेवढा मुरूम टाकलेला होता.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे यातलं मर्म आहे. जागा बदलली तर माणूस, दोर, वेळ तेच ठेवा. माणूस बदलला तर जागा तीच ठेवा. चार गोष्टी एकदम बदलून घोडं चाललं, तर आनंद होतो पण कळत काहीच नाही.

अंग तपासल्याशिवाय वळण लावायला घेऊ नका

काल चालणारं घोडं आज एकाएकी चालेना झालं, तर ते दुखणंच आहे असं धरून चाला, जोवर डॉक्टर नाही म्हणत नाही तोवर. तुम्हाला घरी जे बघता येतं ते असं.

घोडं ठाणावर निवांत असताना ताप बघा. मोठ्या घोड्याचा ताप साधारण ९९ ते १०१ अंश फॅरेनहाइट असतो. थर्मामीटरला दोरी बांधा, ते शेपटीखाली गुदद्वारात घालायचं असतं आणि आत ओढलं जाऊ शकतं. तुम्ही मागं नाही, बाजूला उभं राहा. नाडी खालच्या जबड्याच्या कडेला बोटं ठेवली की लागते, मिनिटाला २८ ते ४४. श्वास ८ ते १६, बरगडीच्या मागं पोट वरखाली होताना मोजा. ओठ उचलून हिरडी दाबा आणि सोडा, गुलाबी रंग दोन सेकंदांत परत आला पाहिजे. हे आकडे घोडं ठणठणीत असताना आधीच लिहून ठेवलेत तर फार बरं. आजारी पडल्यावर मोजलेला आकडा कशाशी ताडणार?

आपल्याकडं पावसाळ्यात आणि पावसाळा संपताना गोमाश्या वाढतात आणि त्यांच्यामार्फत सर्रा नावाचा रोग पसरतो. रक्तातला त्याचा परजीवी घोड्याला हळूहळू खातो. ताप येतो आणि जातो, त्यामुळं एका दिवशी ताप नसला म्हणून सुटलो असं समजू नका. खाऊनही घोडं वाळतं, पाय किंवा पोटाखालचा भाग सुजतो, हिरड्या फिक्या पडतात. असं घोडं रिंगणात दोन फेऱ्यांत गळून उभं राहतं आणि लोक त्याला आळशी म्हणतात. रक्त तपासून घ्या.

मग खूर. रोज चारही खूर उचलून साफ करता ना? पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत पावसाळाभर उभ्या राहिलेल्या घोड्याच्या खुरातली मधली मऊ गादी कुजते. तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत काळा, चिकट, घाण वासाचा मळ निघाला, बोट लावल्यावर पाय ओढला, तर तिथं दुखतंय. खुराच्या भिंतीवर तळहात ठेवा, एक खूर बाकीच्यांपेक्षा गरम आहे का बघा. खुराच्या वरच्या पहिल्या सांध्याच्या मागं बोट ठेवलं तर एरवी नाडी जेमतेम लागते. ती ठळक उडत असेल तर खुरात काहीतरी बिघडलंय. नाल मारल्यावर एक-दोन दिवसांतच घोडं अडायला लागलं तर खिळा आत गेला असेल किंवा जवळून गेला असेल. नालबंदाला बोलवा, भांडू नका, चांगल्या नालबंदाकडूनही हे होतं. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर छाटून नाल बदलायचीच. झिजलेली नाल पुरवून वापरायची आपली सवय घोड्याच्या सांध्यांना महाग पडते.

लंगडणं बारीक असेल तर कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकी चालवून बघा. दोर सैल ठेवा, नाहीतर डोकं तुम्हीच धरून ठेवाल. पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं, चांगला पाय टेकताना खाली येतं. मागच्या पायासाठी पाठीमागून पुठ्ठ्याची दोन हाडं बघा, दुखऱ्या बाजूचं हाड जास्त वरखाली होतं. लांब दोरावर छोट्या रिंगणात दुडकी घेऊ नका. पंधरा-वीस मीटर रुंदीचं रिंगण घ्या. जागा नाही म्हणून पाच मीटरात गरगर फिरवलेल्या शिंगराचे सांधे पुढं दुखतात, आणि मग ते रिंगण बघितलं की अडतं. त्याचं अगदी बरोबर असतं.

दात बघायचं लोक विसरतात, कारण जमिनीवरच्या कामात तोंडात लगाम नसतो. पण मोरकी गालावरच दाबते. वरच्या दाढांची गालाकडची कड झिजता झिजता धारदार होते, मोरकी ओढली की आतून गाल तिच्यावर घासतो. ठाणापाशी चघळून टाकलेले वैरणीचे गोळे पडलेत का, खाताना मान वाकडी करतं का, लिदीत अख्खे हरभरे दिसतात का, ते बघा. अडीच ते पाच वर्षांच्या घोड्याचे दुधाचे दात पडून पक्के येत असतात, त्या काळात डोक्याशी झोंबाझोंबी जास्त होते. दाढा घासून घेण्याचं काम पशुवैद्यकाचं, वर्षातून एकदा दाखवा. मोरकीची नाकावरची पट्टी खाली सरकून मऊ नाकावर आली असेल तर ती आधी वर घ्या. एवढ्यानंच प्रश्न सुटलेली घोडी मी बघितली आहेत.

ठणकणाऱ्या घोड्याचा चेहराही वाचता येतो. त्यासाठी सहा खुणा बघायची एक पद्धत २०१४ साली प्रसिद्ध झाली आणि पशुवैद्यक ती वापरतात. कान ताठ मागं, डोळा अर्धवट मिटलेला, डोळ्यावरचं हाड उठून दिसणं, जबड्याचे स्नायू आवळलेले, ओठ घट्ट आणि हनुवटी पुढं, नाकपुड्या ताणलेल्या. एखादी खूण कुठल्याही घोड्यात क्षणभर दिसते. तीन-चार खुणा बराच वेळ टिकून राहिल्या तर त्या दिवशी दोर खुंटीला लावा.

दुखण्याची गोळी घालून "चालतंय का बघू" हा प्रयोग मेडिकलमधून आणून करू नका. डॉक्टर तो करतात, पण मोजून आणि बघून. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घोडी कमीच येतात; म्हणून तुमचा व्हिडिओ आणि नोंदी घेऊन जा. दवाखान्याच्या अंगणात घाबरलेलं घोडं दुखणं लपवतं आणि मग सगळं ठीक दिसतं. गरज पडली तर सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिकडं पाठवायचं की नाही ते डॉक्टरांना विचारा.

तोबरा आणि पोट

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आमच्या भागात निम्मी भानगड इथं असते.

घोड्याच्या जठरात आम्ल सतत तयार होत असतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. रानात घोडं दिवसाचा मोठा भाग चरत असतं, त्यामुळं पोटात वैरण आणि चावताना सुटलेली लाळ असते, आम्लाला आवर बसतो. आपण काय करतो? सकाळ-संध्याकाळ तोबरा भरून हरभरा आणि कोंड्याची चंदी देतो, मधे घोडं रिकामं उभं. पहाटे "पोट जड नको" म्हणून उपाशी काढून रिंगणात दुडकी घेतो. रिकाम्या पोटात आम्ल उसळून जठराच्या वरच्या भागाला लागतं, तिथं त्याला आवरण नसतं, जखमा होतात. मग तंग (खोगिराचा पोटपट्टा) आवळताना चावणं, पोटाला हात लावला की शेपूट झटकणं, चंदी अर्धी टाकणं, आणि रिंगणात दुडकी म्हटली की थांबणं. पक्कं निदान जठरात दुर्बीण घालूनच होतं आणि औषध डॉक्टरनंच द्यायचं. पण कामाच्या अर्धा तास आधी कडबा किंवा वाळलं गवत खायला घालणं याला कुणाची चिठ्ठी लागत नाही. चंदी नव्हे, वैरण. आठवडाभर एवढा एकच बदल करून बघा आणि नोंद ठेवा.

दुसरी गोष्ट कोंड्याची. नुसता गव्हाचा कोंडा आणि हत्तीगवत यावर पोसलेलं घोडं दिसायला भरलेलं असतं. पण कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, आणि हत्तीगवतातला ऑक्झलेट नावाचा घटक आहे तेवढं कॅल्शियमही धरून ठेवतो. मग शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं. आज या पायानं, उद्या त्या पायानं आखूड चालणं, पुढं पुढं गालफडाची हाडं सुजणं. नालबंदाला काही सापडत नाही आणि घोड्याला नखरेल ठरवलं जातं. तुमच्या घोड्याचं आठवड्याचं खाणं कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. गुळाबद्दल लोक माझ्यावर रागावतात, पण गुऱ्हाळावरून आणलेली ढेप ठाणावर टांगून ठेवणं हे प्रेम नाही. सुस्त, जाड घोड्याला जास्त गोडानं खूरसूज होऊ शकते.

आणि एक तातडीची गोष्ट इथंच सांगते. पाऊस लागला म्हणून घोडं चार दिवस ठाणावर बांधलेलं, चंदी रोजची तेवढीच. पाचव्या दिवशी काढलं, थोडं चालवलं आणि ते घामाघूम होऊन जाग्यावर थांबलं, पुठ्ठ्याचे स्नायू कडक, लघवी गडद तपकिरी. त्याला एक पाऊलही ओढू नका, हाकू नका, "चालवून मोकळं करू" म्हणू नका. आहे तिथंच उभं ठेवा, पाणी पुढं ठेवा, डॉक्टरांना बोलवा. सुट्टीच्या दिवशी चंदी कमी करून वैरण वाढवली की हे बहुतेक टळतं.

आजूबाजूला काय आहे

घोड्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या मागं नाही. उजेडातून अंधारात गेल्यावर त्याच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. रंगांत निळा-पिवळा त्याला चांगला कळतो, तांबडा-हिरवा नाही. हे डोक्यात ठेवून मैदानाकडं बघा. पावसाळ्यात आपण सगळ्या ढिगांवर निळी ताडपत्री टाकतो, तिचं टोक वाऱ्यावर फडफडतं. आपल्या लेखी ती नसतेच. जाताना दिसलेली वस्तू परतताना दुसऱ्या बाजूनं दिसते, तेव्हा घोडं पुन्हा दचकतं; याला नाटक म्हणू नका.

ऊस तोडणीच्या हंगामात रस्त्याकडेच्या मैदानात काम घ्यायचं मी सोडून दिलंय. दोन ट्रॉल्या मागं जोडलेला ट्रॅक्टर, वर लावलेला डेक, त्याचा दणका घोड्याला आपल्या आधी लागतो. एक ट्रॅक्टर घोडं सहन करतं. दुसराही करतं. तिसऱ्या वेळी साधी कोंबडी आडवी गेली तरी उधळतं, आणि मालक म्हणतो, "कोंबडीला भिलं!" भीती साचत जाते, शेवटच्या कारणावर बिल फाटतं. म्हणून नोंदीत त्या दिवशी आधी काय काय झालं तेही यायला हवं. गणपतीतल्या डॉल्बीच्या दुसऱ्या दिवशी, जोतिबाच्या यात्रेतून परत आल्यावर घोड्याला नवं काम शिकवायचं नाही.

जोडीदाराचंही बघा. शेजारी बांधलेलं घोडं नजरेआड झालं की काही घोडी पाय रोवतात. जोडीदाराला मैदानाच्या कडेला बांधून तेच काम घ्या. चाललं, तर कारण सापडलं; मग रोज थोडं थोडं अंतर वाढवायचं.

दोर धरणारा हात

अंग ठीक, पोट ठीक, जागा ठीक, तर मग दोर दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. त्यांच्याकडं चाललं आणि तुमच्याकडं नाही, तर वाईट वाटून घेऊ नका, ही सगळ्यात स्वस्तात सुटणारी अडचण आहे.

बहुतेक माणसं घोड्याच्या पुढं उभी राहून, त्याच्या डोळ्यांत बघत दोर ओढतात. पुढं तुम्ही भिंतीसारखे उभे, आणि म्हणताय पुढं ये. घोड्याच्या खांद्याशी या, तोंड जायच्या दिशेला करा. खांद्याच्या पुढं गेलात तर तुमचं अंग त्याला अडवतं, खांद्याच्या मागं आलात तर ढकलतं. रिंगणातही असंच. पोरं फिरता फिरता नकळत घोड्याच्या तोंडापुढं येतात, घोडं थांबतं, आणि थांबलं म्हणून मार खातं.

घोडं ओढण्यानं शिकत नाही, ओढ सुटण्यानं शिकतं. ताण सुटला त्या क्षणी ते जे करत होतं, तेच त्याच्या लक्षात राहतं. आता हे बघा: घोडं थांबलं. तुम्ही ओढलंत. ते हललं नाही. तुम्ही वैतागून दोर सोडलात आणि चाबूक आणायला गेलात. त्याला काय समजलं? पाय रोवून उभं राहिलं की सुट्टी मिळते. चाबूक आणून मारलात तो वेगळा हिशोब. थांबण्याचा धडा त्याआधीच पक्का झाला. हे रोज होत असेल तर तुमचं घोडं हट्टी नाही, उत्तम शिकवलेलं आहे.

करून बघायची रीत अशी. खांद्याशी उभं राहा, दोराला हलका ताण द्या, जेवढा दोन बोटांनी धरता येईल तेवढाच. झटका नाही, वाढवत नेणं नाही, तोंडानं चक्-चक् नाही, मागून पोराचं "हुर्र" नाही. एकच खूण. थांबून राहा. घोड्यानं नुसतं वजन पुढं झुकवलं, पाऊलही न टाकता, तरी त्याच क्षणी दोर सैल. दोन श्वास. पुन्हा. सरळ पुढं येत नसेल तर जरा बाजूला वळवून मागा. एक पाय हलला की रोवलेलं अंग सुटतं. चार-पाच चांगली पावलं मिळाली की मान खाजवा आणि बास. दहा-पंधरा मिनिटांच्या वर नवं काम नाही. एवढ्या हलक्या खुणेला वजन हलत असेल तर त्याला खूण समजतेय, अडचण दुसरीकडं आहे. कितीही थांबलं तरी वजन हलत नसेल आणि डोळा विझल्यासारखा असेल, तर पुन्हा अंगाच्या तपासणीकडं जा, नाहीतर पुढचं वाचा.

आधीच्या मालकाकडून आलेलं

बाजारातून घेतलेल्या घोड्याबरोबर त्याचा इतिहास येत नाही. अकलूज असो की सारंगखेडा, विकणारा चाल दाखवतो, दात दाखवतो, रंग आणि भोवरे सांगतो. पहिल्या मोरकीच्या वेळी काय झालं हे कुणी सांगत नाही. ते घोड्यालाच विचारावं लागतं. मोकळ्या, शांत जागी एकेक वस्तू दुरून दाखवा: चाबूक जमिनीवर ठेवलेला, पोतं, लांब दोर मागच्या पायाशी लोळवलेला, वर केलेला हात. कुठल्या वस्तूला श्वास अडकतो, मान ताठ होते ते टिपा. पिछाडीत (मागचे पाय बांधायच्या दोरात) अडकून पडलेलं घोडं दोर मागच्या पायाला लागला की रिंगणात थिजतं, मोरकीकडं त्याची काहीच तक्रार नसते.

वरातीच्या नाचऱ्या घोड्यांचं वेगळं. त्यांना दोर आखडला आणि पायाला काठी लागली की पाय उचलायचे, एवढंच शिकवलेलं असतं. तुम्ही रिंगणात पुढं चल म्हणून दोर आखडता आणि चाबकाचं टोक पायाशी आणता. ते जाग्यावर थुई थुई नाचतं. तुम्ही म्हणता नखरे. त्यानं तर तुमचा हुकूम पाळला! अशा घोड्याला काठी पायाशी न नेता खांद्यामागं दाखवा, मोरकी वेगळी वापरा, जागा वेगळी घ्या, हाकेचा शब्दही नवा ठेवा. नाचाचं सामान आणि चालण्याचं सामान एका खुंटीला टांगू नका.

नोंदी कशा वाचायच्या

एकाच बाजूला अडतं आणि माणूस-जागा बदलूनही तसंच, तर अंग. सुरुवातीला आखडलेलं आणि दहा मिनिटांनी मोकळं, तर बहुधा सांधे किंवा पाठ. सुरुवातीला चांगलं आणि ठराविक वेळानं ढेपाळतं, तर दम, अशक्तपणा किंवा वाढत जाणारं दुखणं. एकाच जागी, तर आधी ती जागा, पण तिथला उतार आणि जमीनही बघा, ती कुमाईत घोडी आठवा. एकाच माणसाकडं, तर हात. एकाच वस्तूला, तर आठवण. दोन कारणं एकत्रही असतात. तेव्हा दुखण्याचं आधी निस्तरायचं.

आणि दुखणं बरं झालं तरी घोडं काही दिवस तिथंच थांबेल. त्याला अजून तिथं दुखेल असंच वाटतं. म्हणून पुन्हा सुरुवात दुसऱ्या जागी करा, सोप्या बाजूनं, मऊ जमिनीवर, चालीवर. अवघड बाजूला आधी पाव रिंगण मागा आणि ते थांबायच्या आत तुम्हीच थांबवा, मग अर्धं, मग पूर्ण. दुडकी पुढच्या आठवड्यात. जुन्या मैदानात परत नेताना पहिल्या दिवशी काम नको, नुसतं चरू द्या. नालबंदाची पुढची तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.